कुलवृत्तांत-संशोधन, सार्वजनिक ग्रंथालयातील

कुलवृत्तांत-संशोधन : एखाद्या घराण्याचा मूळ पुरुष, मूळ गाव, स्थलांतरे, शाखा आणि पिढ्या यांचा ग्रंथालयातील छापील व हस्तलिखित साधनांच्या आधारे घेतलेला शोध. मराठी मुलखात हा शोध प्रादेशिक इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. इथे वंशावळी जपल्या गेल्या त्या मुख्यतः हक्कासाठी. वतन (गावच्या कामाबद्दलचा वंशपरंपरागत हक्क), इनाम (सरकारने बक्षीस दिलेली जमीन), देवस्थानातला मान यांवर दावा सांगायचा तर पिढ्या मोजून दाखवाव्या लागत. म्हणून घराण्याचे दप्तर उघडले की गावाचा इतिहास हाती येतो, आणि गावाचे कागद चाळले की घराणी सापडतात.

याचे सर्वांत मोठे उदाहरण भोरजवळच्या कारी गावचे. तिथल्या जेधे देशमुख घराण्याने जपलेली शकावली, म्हणजे शकवार घटनांची यादी, लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तोपर्यंत शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा मानला जाई. शकावलीत फाल्गुन वद्य ३, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी मिळाली. साऱ्या महाराष्ट्राच्या इतिहासातली तारीख एका घराण्याच्या कागदाने बदलली. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून अशीच घरगुती दप्तरे धुंडाळत होते. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड आणि १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ यांचा पाया त्या हिंडण्यात आहे.

वतनाचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी व वतनदारांच्या सभेपुढे, जाई आणि निवाड्याचा महजर, म्हणजे साक्षी-निशाण्यांसह निवाडपत्र, होई. त्यात वादी-प्रतिवादी आपापला करीना, म्हणजे घराण्याची हकिकत, सांगत. पुढे इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनची चौकशी सुरू झाली आणि इनामदारांना कैफियती (लेखी निवेदने) व वंशावळी सादर कराव्या लागल्या. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराबरोबर हे कागदही आहेत. हक्कासाठी सांगितलेली हकिकत मात्र जपून वाचावी. मूळ पुरुष थेट राजस्थानातून आल्याची किंवा राजाने प्रसन्न होऊन गाव दिल्याची कथा अनेक घराण्यांत जवळपास सारखीच आढळते. दुसरा समकालीन कागद मिळेपर्यंत ती परंपरा म्हणूनच नोंदवणे बरे.

विसाव्या शतकात कोकणस्थ घराण्यांनी, आणि त्यांच्यामागोमाग इतरांनी, कुलवृत्तांत छापायला घेतले. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, तिथून घाटावर चढलेल्या शाखा आणि मग पानोपानी वंशवेल, अशी त्यांची रचना असते. हे ग्रंथ वर्गणी काढून छापले जात आणि आप्तांतच वाटले जात. दुकानात ते क्वचितच मिळतात. जुन्या ग्रंथालयांचे महत्त्व इथे कळते. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला. यांतली बहुतेक कपाटे त्याच्या कितीतरी आधी भरली होती.

शोधाची सुरुवात आडनावापासून न करता गावापासून करावी. एकच आडनाव अनेक जातींत आणि जिल्ह्यांत असते. गाव आणि कुलदैवत कळले की घोळ कमी होतो. जिल्ह्याचे गॅझेटियर आधी पाहावे. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखालच्या मुंबई इलाख्याच्या मालेत रत्नागिरीचा खंड १८८० चा आणि पुण्याचा १८८५ चा आहे. राज्याच्या दर्शनिका (गॅझेटियर) विभागाने जुने खंड संकेतस्थळावरही ठेवले आहेत. त्यानंतर शाळांच्या शतकमहोत्सवी स्मरणिका, देवस्थानांचे अहवाल आणि जुन्या वृत्तपत्रांतल्या निधनवार्ता. स्मरणिकांकडे अभ्यासक फारसे वळत नाहीत. पण तालुक्याच्या गावातल्या दोन-तीन पिढ्या त्यांत नावानिशी भेटतात.

हस्तलिखितापाशी पोहोचल्यावर मोडी लिपी आडवी येते. दुसरी अडचण कालगणनेची. कागदावर शक, फसली (महसुली वर्ष) किंवा सुहूर सन असतो. सुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहीत : ‘सन सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७७. हे वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने ते इसवी सन १७७६-७७ ठरते. जंत्री (निरनिराळ्या सनांचे कोष्टक) हाताशी ठेवल्यावाचून या कामाला बसू नये. मराठा-कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यावर मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, आणि खासरा पत्र, पाहणी पत्र, गाव नमुना १४, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा ही नावे घरोघरी पोहोचली. हे कागद महसूल कचेरीत व शाळेत असतात. त्यांतली गावे आणि घराणी ओळखायला ग्रंथालयातली साधने उपयोगी पडतात.

छापील कुलवृत्तांतांची मोठी उणीव म्हणजे त्यांतून वगळलेली माणसे. जुन्या वंशवेलीत मुली बहुधा नाहीतच, आणि सुनेचे माहेर असले तर एका ओळीत. अलीकडच्या काही आवृत्त्यांत लेकींच्या शाखाही येऊ लागल्या आहेत. पण जुन्या ग्रंथांत स्त्रियांचा माग काढायला सासर आणि माहेर अशा दोन्ही घराण्यांचे ग्रंथ शेजारी ठेवून वाचावे लागतात. बलुतेदारांचे कुलवृत्तांत क्वचितच निघाले, तरी त्यांची नावे नाहीशी झालेली नाहीत. महजरावर पाटलाच्या नांगराप्रमाणे कारागिरांच्या हत्यारांच्या निशाण्या त्यांच्या नावांसह आढळतात. महार वतनाला १८७४ चा वतन कायदा लागू होता, त्यामुळे वारसांच्या नोंदी सरकारदरबारी होत. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने संपली. ज्या व्यवस्थेने माणसांना राबवले, तिच्याच नोंदवह्यांत आज अनेक दलित कुटुंबांना आपले पूर्वज शोधावे लागतात. या नोंदींवर आधारलेले कुलवृत्तांत लिहिले जाणे फार गरजेचे आहे.

महाराष्ट्राबाहेर गेलेल्या घराण्यांसाठी दोन ग्रंथालये विशेष महत्त्वाची. पणजीचे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचे. गोव्यातल्या गावकाऱ्या (गावच्या जमिनीचा सामाईक कारभार पाहणाऱ्या संस्था) आणि देवळांचे महाजन (वंशपरंपरेने मालकी-मान असलेली कुळे) यांच्यावरचे पोर्तुगीज व मराठी साहित्य तिथे पाहावे. तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय भोसले राजांनी वाढवले आणि १९१८ मध्ये लोकांना खुले झाले. तिथल्या मोडी कागदांत तमिळ देशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा माग लागतो. त्याच शहरात, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर, दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे.