पियानो स्पर्धांचं वय कसं उतरत गेलं

आज बारा-तेरा वर्षांची मुलं आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धेत उतरतात, याचं कुणाला फारसं नवल वाटत नाही. पण या परंपरेच्या सुरुवातीला त्यांना प्रवेशच नव्हता. पियानोवादक आन्तोन रुबिनस्टाइन यांनी १८९० मध्ये सेंट पीटर्सबर्गला स्पर्धा सुरू केली, तिचा नियम साफ होता: वय २० ते २६, आणि फक्त पुरुष. दर पाच वर्षांनी ती भरे. १९०५ मध्ये पॅरिसला विल्हेल्म बाकहाउस पहिला आला आणि २४ वर्षांचा बेला बार्टोक दुसरा. बार्टोकने संगीतरचनेच्या विभागातही नाव दिलं होतं, तिथे परीक्षकांनी कुणालाच पारितोषिक दिलं नाही. ज्याच्या रचना पुढे जगभर वाजल्या, तो समोर असून परीक्षकांना दिसला नाही. स्पर्धेचे निकाल वाचताना मला ही गोष्ट हटकून आठवते.

पोलिश संगीतकार शोपॅनच्या नावाची वॉर्सॉची स्पर्धा १९२७ ची. पहिल्या महायुद्धानंतर तरुण पिढी खेळांच्या मागे वेडी झाली आहे, हे येझी झुराव्लेव्ह या पियानोशिक्षकाने पाहिलं आणि चुरशीची तीच ओढ संगीताकडे वळवायचं ठरवलं. पहिला विजेता लेव ओबोरिन अवघ्या १९ वर्षांचा होता. पुढे १९३८ मध्ये ब्रुसेल्सच्या स्पर्धेत सोव्हिएत पियानोवादक एमिल गिलेल्स जिंकला. वीस वर्षांनी, १९५८ मध्ये, मॉस्कोच्या पहिल्या चायकोव्हस्की स्पर्धेत तोच गिलेल्स परीक्षक मंडळाचा अध्यक्ष होता, आणि ऐन शीतयुद्धात सुवर्णपदक गेलं २३ वर्षांच्या अमेरिकन व्हॅन क्लायबर्नकडे. त्यानंतर पियानो स्पर्धा ही वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाची बातमी झाली.

मुलांसाठी वेगळी स्पर्धा हवी, हे मात्र हळूहळू उमगलं. त्यामागचं एक कारण अगदी हाताच्या पंजाएवढं आहे. एका सप्तकाच्या दोन टोकांच्या पट्ट्यांमध्ये साधारण साडेसोळा सेंटिमीटर अंतर असतं. दहा वर्षांच्या मुलाचा अंगठा आणि करंगळी तिथवर जेमतेम पोहोचतात. पोहोचली तरी मनगट ताठ होतं आणि सूर दडपल्यासारखा उमटतो. स्टूल वर घ्यावं तर पाय पेडलपर्यंत जात नाहीत. मोठ्यांच्या स्पर्धेतल्या रचना अशा मुलावर लादणं म्हणजे त्याच्या हातावर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

जर्मनीतल्या एटलिंगेनला १९८८ पासून तरुण पियानोवादकांची स्पर्धा दर दोन वर्षांनी भरू लागली. मॉस्कोने १९९२ मध्ये चायकोव्हस्की स्पर्धेचा कुमार गट सुरू केला. १९९४ मध्ये एटलिंगेनला लांग लांग नावाचा चिनी मुलगा पहिला आला. पुढच्याच वर्षी जपानमधल्या सेंदाईला भरलेली कुमार चायकोव्हस्की स्पर्धाही त्याने १३ व्या वर्षी, शोपॅनचा दुसरा कॉन्चेर्टो (वाद्यवृंदासोबत वाजवायची रचना) वाजवून जिंकली. याच्या उलट उदाहरणही आहे. रशियन पियानोवादक येव्गेनी किसिनने १९८४ मध्ये, बाराव्या वर्षी, मॉस्कोत शोपॅनचे दोन्ही कॉन्चेर्टो एकाच कार्यक्रमात वाजवले आणि कुठलीही स्पर्धा न जिंकता तो जगभर पोहोचला.

त्याच व्हॅन क्लायबर्नच्या नावाच्या टेक्सासमधल्या स्पर्धेने २०१५ मध्ये १३ ते १७ वयाचा गट उघडला. मोठ्यांच्या गटात २०२२ मध्ये कोरियाचा यंचान लिम १८ व्या वर्षी जिंकला, त्या स्पर्धेचा सर्वांत लहान विजेता. त्याआधी चार वर्षं क्लीव्हलंडच्या तरुणांच्या स्पर्धेत तो दुसरा आला होता.