रजिस्टरातले आवडते लेखक आणि रजिस्टराबाहेरचे

15 ऑक्टोबर, म्हणजे वाचन प्रेरणा दिन, जवळ आला की खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांना एक प्रश्न हमखास विचारला जातो: तुमच्याकडे सर्वांत जास्त काय वाचलं जातं? ग्रंथपाल देवघेव रजिस्टर उघडतो आणि विदर्भात कुठंही जा, नावं साधारण तीच निघतात. ‘मृत्युंजय’, ‘श्रीमान योगी’, ‘पानिपत’, झालंच तर एखादी रहस्यकथा. रजिस्टर खोटं बोलत नाही. पण त्यात नोंद होते ती कपाटात असलेल्या पुस्तकाची, आणि गावात वाचलं जाणारं प्रत्येक पुस्तक त्या कपाटातून येत नाही. विदर्भात पुस्तक गावात शिरण्याच्या दोन वाटा आहेत. एक लोकांच्या खिशातली, दुसरी सरकारी अनुदानाची. आवडीची चर्चा मात्र नेहमी दुसऱ्या वाटेवरच होते.

प्राचीन भाग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तो थोडक्यात. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ सिद्ध झालं. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत ठेवले आणि ते कित्येक शतकं पंथाबाहेर वाचले गेले नाहीत. 2024 साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा या ग्रंथाचं नाव पुन्हा सगळीकडे घुमलं, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही आलं. आज त्या परिसरातल्या किती घरांत ‘लीळाचरित्र’ आवडीनं वाचलं जातं, हा प्रश्न मात्र सोहळ्यात कोणी विचारत नाही.

खिशातल्या वाटेनं आलेल्या पुस्तकांत पहिला मान ‘श्रीगजानन विजय’ या पोथीचा. दासगणू महाराजांची ही 21 अध्यायांची ओवीबद्ध पोथी वऱ्हाडात ज्या संख्येनं वाचली जाते, त्याच्या जवळपासही कुठली कादंबरी जात नाही. एका बैठकीत सगळे 21 अध्याय संपवणाऱ्या बाया गावोगाव भेटतात. त्यांतल्या कितीतरी जणी ‘मला वाचनाचं वेड नाही’ असं सांगतात, कारण पोथी म्हणजे वाचन हे त्यांच्या हिशेबातच नसतं. आपल्याही नसतं, ही खरी अडचण.

दुसरी ‘ग्रामगीता’. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा हा 41 अध्यायांचा ग्रंथ 1955 सालचा. त्यांच्या मोझरीच्या गुरुकुंज आश्रमातून तो गावोगावच्या सामुदायिक प्रार्थनेत पोचला. त्यात देव आहे तसं शेणखत आहे, गावसफाई आहे, लग्नातल्या उधळपट्टीवर फटके आहेत. हे पुस्तक लोकांनी एकट्यानं कमी आणि चारचौघांत मोठ्यानं जास्त वाचलं. अशा वाचनाची नोंद करायला कुठल्याच रजिस्टरात रकाना नाही.

याच खिशातल्या वाटेवरची तिसरी पुस्तकं बाबासाहेबांची, आणि त्यांची रीघ 14 ऑक्टोबर 1956च्या धम्मदीक्षेनंतर मोठी झाली. दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जाणारा माणूस परत येताना पुस्तक आणतो, ही रीत तिथं रुजली. फुटपाथवर सतरंजी अंथरून लावलेली दुकानं, त्यांवर दहा-वीस रुपयांच्या पुस्तिकांपासून जाड ग्रंथांपर्यंत सगळं. बाबासाहेबांचं ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हे पुस्तक मूळ इंग्रजीत 1957 साली, त्यांच्या निधनानंतर, निघालं. त्याचा मराठी अनुवाद आज विहारात आणि घरातही असतो, आणि पावसाळ्यातल्या वर्षावासात रोज संध्याकाळी त्याचं वाचन चालतं. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड राज्य सरकारनं 1979पासून काढायला घेतले. त्यांना मागणी इतकी की खंड येतात आणि संपतात, आणि पुढची छपाई रखडते. 2021च्या अखेरीस उच्च न्यायालयाला या रखडपट्टीची स्वतःहून दखल घ्यावी लागली. विदर्भातला शेतमजूर पुस्तक विकत घेत नाही असं म्हणणाऱ्यानं एकदा दसऱ्याला त्या फुटपाथवर उभं राहावं.

आता सरकारी वाट. वाद इथंच आहे, म्हणून जरा तपशिलात.

विदर्भ 1956पर्यंत मध्य प्रदेशात होता. 1960ला महाराष्ट्र झाला आणि 1967 साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आला. दक्षिणेत मद्रास राज्यानं 1948 सालीच ग्रंथालय कायदा करून स्थानिक करावर ग्रंथालय उपकर बसवला होता. महाराष्ट्रानं तो रस्ता घेतला नाही. इथं कर नाही. गावातल्या लोकांनी संस्था नोंदवायची, वाचनालय चालवायचं आणि सरकारनं त्याला अ, ब, क, ड असा वर्ग देऊन अनुदान द्यायचं. या निवडीचं कौतुक करणारे म्हणतात की त्यामुळं वाचनालय ही लोकांची चळवळ राहिली, खात्याची कचेरी झाली नाही. म्हणणं खोटं नाही. पण चळवळ उभी करायला गावात पेन्शनर मास्तर, वकील, व्यापारी अशी माणसं लागतात. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी ती होती. गडचिरोलीतल्या एटापल्ली-भामरागडकडे, मेळघाटात नव्हती. गडचिरोलीची हद्द ओलांडली की तेलंगणात घरपट्टीसोबत ग्रंथालय उपकर भरावा लागतो. आपल्याकडे तो भरावा लागत नाही, आणि त्या हद्दीवरच्या गावात वाचनालय नसलं तर ते कोणाचं काम, हेही कुठं ठरलेलं नाही.

पुढे राज्यातल्या मान्यताप्राप्त ग्रंथालयांचा आकडा 12 हजारांच्या घरात गेला. त्यांतली बरीच कागदावरच आहेत, अशी ओरड सुरू झाली. ओरड अगदीच बिनबुडाची नव्हती. एका घरात दोन संस्था, एकाच कपाटावर दोन पाट्या, तपासणी आली की शेजारच्या गावातून उसनी आणलेली पुस्तकं, असले प्रकार या भागातल्या लोकांनी पाहिलेले आहेत. 2012च्या मे महिन्यात सरकारनं महसूल खात्याच्या माणसांकडून सगळ्या ग्रंथालयांची एकदम पडताळणी करवली.

मे महिना. वऱ्हाडात तेव्हा पारा 45च्या आसपास असतो, दुपारी रस्त्यावर कुत्रं फिरकत नाही, गावात लग्नसराई असते आणि कास्तकार खरिपाच्या बियाण्याच्या मागं असतो. गावचं वाचनालय अशा दिवसांत सकाळ-संध्याकाळ तास-दोन तास उघडं राहतं. भरदुपारी पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याला कुलूप दिसलं, तर ‘बंद’ असा शेरा पडणारच. खऱ्या बोगस संस्था सापडल्या, हे मान्य. पण बोगस चालवणारा कागद चोख ठेवतो, आणि खरं वाचनालय चालवणारा म्हातारा मास्तर दाखलनोंदीत दोन वर्षं मागं असतो. कागद बघणाऱ्या तपासणीत या दोघांपैकी कोण नापास होणार, हे सांगायला नको.

पडताळणीपेक्षा जास्त फटका त्यानंतरच्या निर्णयानं बसला. नव्या ग्रंथालयांना मान्यता आणि जुन्यांची वर्गवाढ, दोन्ही थांबवलं गेलं. तात्पुरतं वाटलेलं हे थांबणं दहाएक वर्षं चाललं. ज्या गावांत 2012पूर्वी वाचनालय झालं होतं ती गावं आत राहिली, उरलेली बाहेर. जिथं मुळात वाचनालयं कमी, तिथं ही रेघ जास्त खोल गेली. ‘ड’ वर्गातलं वाचनालय पुस्तकं वाढवून, सभासद वाढवून ‘क’च्या लायकीचं झालं तरी ‘ड’च राहिलं. चांगलं काम केल्याचा असा दंड क्वचितच कुठं बसत असेल.

त्यातले पैसेही पाहू. 2012च्या वाढीनंतर ‘ड’ वर्गाला वर्षाला 30 हजार रुपये मिळायचे. निम्मे पगारासाठी, निम्मे बाकी खर्चासाठी. म्हणजे ग्रंथपालाला महिन्याला 1,250 रुपये. 2022मध्ये 60 टक्के वाढ होऊन रक्कम 48 हजारांवर गेली, म्हणजे महिना 2,000. रोजगार हमीवर जाणाराही एवढ्यावर थांबत नाही. उरलेल्या निम्म्यातून वर्तमानपत्रांचं बिल, वीज, जागेचं भाडं भागवायचं आणि मग पुस्तकं. हप्ता बहुधा मार्चच्या तोंडावर येतो आणि खर्च 31 तारखेच्या आत दाखवायचा असतो. निवड करायला वेळ कुठला? पुरवठादार जास्त कमिशनवर जो गठ्ठा देईल तो घ्यायचा. त्या गठ्ठ्यात खात्रीची जुनी कादंबरी असते, चरित्रं असतात, आणि कोणी न मागितलेली व्यक्तिमत्त्व विकासाची चकचकीत पुस्तकं असतात. वर्षानुवर्षं अशी खरेदी झाली की रजिस्टरातली नावं सगळीकडे सारखी निघण्यात आश्चर्य राहत नाही.

या गठ्ठ्यात विदर्भाचे स्वतःचे लेखक किती? उद्धव शेळके यांची ‘धग’ 1960ची. शिंपी घरातली कौतिक, तिचा महारोगानं खचलेला नवरा आणि तोंडात वऱ्हाडी बोली. ज्या वाचनालयात तिची प्रत टिकलीय तिथं ती बहुधा दोनदा बांधून घेतलेली असते: पाठीला जाड कापड, शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी एकावर एक चिकटवलेली. ‘हे तं आपल्याच घरचं लिवलं हाय,’ असं म्हणून पुस्तक परत करणारा वाचक तिला आजही मिळतो. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला 2004चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकलेला पोरगा आणि तोट्यातली शेती हा त्यातला पेच बुलडाण्यापासून यवतमाळपर्यंत प्रत्येक घरात बसलेला आहे, आणि तरुण वाचक ते पुस्तक एकमेकांना सुचवतात. मारुती चितमपल्ली जन्मानं सोलापूरचे, पण नवेगाव बांध, नागझिरा, मेळघाट हा त्यांच्या लेखनाचा मुलूख. त्यामुळं पूर्व विदर्भातली झाडीपट्टी त्यांना आपलंच मानते. साताऱ्याच्या भिलारपाठोपाठ ‘पुस्तकांचं गाव’ करायचं ठरलं तेव्हा नागपूर विभागातून नवेगाव बांधची निवड झाली. सरकारी निवड वाचकाच्या आवडीशी जुळल्याचं हे दुर्मीळ उदाहरण.

झाडीपट्टीचं आणखी एक. दिवाळीनंतर तिथं नाटकांचा हंगाम लागतो, रात्ररात्र मंडपात गर्दी असते आणि त्या नाटककारांची नावं शेंबड्या पोरालाही पाठ असतात. त्यांची नाटकं पुस्तकरूपात फारशी आलीच नाहीत, म्हणून ‘आवडता लेखक’ म्हणून त्यांचा विचार होत नाही.

गेल्या आठ-दहा वर्षांत चित्र पुन्हा बदललंय. गावच्या वाचनालयात आता सर्वांत जास्त गर्दी असते ती अभ्यासिकेत. पोलीस भरती, तलाठी भरती, राज्यसेवा. कादंबऱ्यांची कपाटं भिंतीकडे सरकवून तिथं टेबलं टाकली जातात, आणि पोरं सकाळी सहापासून आपापली पुस्तकं घेऊन बसतात. पुस्तकं त्यांच्या पैशानं आणलेली असतात, पुण्याहून मागवलेली किंवा झेरॉक्स केलेली. वाचनालयाची असतात ती जागा, पंखा आणि लाइट. म्हणजे ज्या वाचनालयात माणसं दिवसभर वाचत बसलेली दिसतात, त्याच्याच देवघेव रजिस्टरात आठवडाभर एक नोंद नसते. अनुदानाच्या तपासणीत मात्र वाचक मोजायला तेच रजिस्टर मागितलं जातं.