इंडी आरपीजी पुरस्कार

इंडी (इंडिपेंडंट, म्हणजे स्वतंत्र) आरपीजी अवॉर्ड्स हे टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेम्ससाठी, म्हणजे भूमिकाखेळांसाठी, २००२ साली अमेरिकेत सुरू झालेले पुरस्कार. ते अँडी किटकोव्स्की यांनी सुरू केले. खेळ ज्याने रचला त्याच्याच मालकीचा तो असावा आणि प्रकाशनाचे निर्णय व मिळकत त्याच्याच हाती राहावी, ही इथली मुख्य अट. कंपनीच्या नोकरीत लिहिलेला खेळ कितीही उत्तम असला तरी तो या चौकटीत बसत नाही. घरच्या संगणकावर पानं लावून पीडीएफ म्हणून विकलेला खेळ मात्र बसतो.

भूमिकाखेळात चार-पाच जण एकत्र येतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो आणि एक जण बहुधा सूत्रधार (गेम मास्टर) होतो. मग बोलता बोलता गोष्ट रचली जाते, आणि अडलेल्या जागी फासे किंवा पत्ते निर्णय देतात. बाजारात विकलं जातं ते मुख्यतः नियमांचं पुस्तक. त्यामुळे या क्षेत्रात पुरस्कार देणं मुळातच अवघड आहे. नाटकाची संहिता वाचून प्रयोगाचा अंदाज तरी बांधता येतो, पण इथे नियम कसे चालतात हे चार माणसं जमवून, संध्याकाळ घालवून, खेळल्याशिवाय नीट कळत नाही. एवढा वेळ अनोळखी पुस्तकाला कोण देणार? लहान खेळ मागे पडतात ते बऱ्याचदा याच कारणाने. गुणदोष ठरायची वेळच येत नाही, कारण ते खेळलेच जात नाहीत.

दुसरं कारण बाजाराचं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला, त्याची पहिली आवृत्ती १,००० प्रतींची होती. पुढे त्याचं नाव एवढं मोठं झालं की या छंदाची ओळखच त्या एका खेळाने होऊ लागली. २००० साली त्याच्या नियमांचा गाभा इतर प्रकाशकांना वापरायला खुला झाला आणि त्याच धर्तीच्या पुस्तकांनी दुकानांची फडताळं भरली. घाऊक विक्रेता आणि दुकानदार यांचा वाटा गेल्यावर प्रकाशकाच्या हाती छापील किमतीच्या निम्म्याहूनही कमी रक्कम उरे. वेगळं काही लिहिणाऱ्या एकट्या माणसाला हे गणित परवडणारं नव्हतं.

अशांना ‘द फोर्ज’ या संकेतस्थळावर आसरा मिळाला. रॉन एडवर्ड्स आणि क्लिंटन निक्सन यांनी चालवलेल्या या ठिकाणी खेळाचा प्रत्यक्ष अनुभव, नियमांची चिकित्सा, छपाईचा खर्च असं सगळं उघडपणे बोललं जाई. इंडी पुरस्कारांची ‘स्वतंत्र’ या शब्दाची समज याच वातावरणातली. मतदानही मुख्यतः खेळ रचणाऱ्या समव्यवसायींचं. वर्षाचा सर्वोत्तम खेळ, सर्वांत नावीन्यपूर्ण खेळ, उत्तम निर्मिती, उत्तम मोफत खेळ असे विभाग ठेवले गेले. यातला मोफत खेळाचा विभाग मला विशेष मोलाचा वाटतो. ज्याची विक्रीच होत नाही त्याला विक्रीच्या आकड्यांतून कधीच मान मिळणार नव्हता.

सुरुवातीच्या मानकऱ्यांवर नजर टाकली की या पुरस्कारांनी काय हेरलं ते कळतं. २००२ चा मान मिळालेल्या मॅट स्नायडर यांच्या ‘डस्ट डेव्हिल्स’मध्ये अमेरिकी पश्चिमेतल्या बंदूकबाजांची गोष्ट आहे आणि निर्णय पोकरच्या पत्त्यांवर होतात. २००३ चा मान पॉल चेगे यांच्या ‘माय लाइफ विथ मास्टर’ला मिळाला. त्यात खेळाडू एका क्रूर मालकाचे दबलेले चाकर होतात. ताकद, चपळाई असले गुण इथे नाहीत, आहेत ते आत्मघृणा, थकवा आणि प्रेम. प्रेम साठत गेलं की चाकराला मालकाविरुद्ध उभं राहण्याचं बळ येतं, आणि मालकाच्या अंताने खेळ संपतो. वर्षानुवर्षं लांबणाऱ्या मोहिमांची सवय असलेल्यांना ‘संपणारा’ खेळ ही कल्पनाच नवी होती. २०१० सालचा मानकरी ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ याचा प्रभाव तर या वर्तुळाच्या कितीतरी बाहेर गेला. त्याच्या नियमांच्या सांगाड्यावर इतरांनी ‘डन्जन वर्ल्ड’, ‘मॉन्स्टरहार्ट्स’ असे अनेक खेळ उभे केले.

या पद्धतीत एक उणीव उघड आहे. रचनाकारच रचनाकारांना मत देत असतील, तर वर्तुळ लहान राहतं आणि ओळखीच्या नावांना झुकतं माप मिळण्याचा धोका असतो. लोकमताने हा प्रश्न सुटतो असंही नाही, कारण लोक जे खेळले त्यालाच मत देणार. २००१ साली सुरू झालेल्या ‘एनीज’ पुरस्कारांत परीक्षक नामांकनं ठरवतात आणि विजेते जनमताने ठरतात. तिथेही प्रत्येक परीक्षकाला स्वतःच्या पसंतीचं एक पुस्तक वेगळं गौरवता येतं आणि त्यावर मतदान होत नाही. माझ्या मते त्या यादीकडे विजेत्यांइतकंच लक्ष द्यायला हवं.

तिसरी वाट ‘डायना जोन्स पुरस्कारा’ची. तोही २००१ पासून दिला जातो. निवड करणाऱ्या समितीतले बहुतेक सदस्य आपली नावं जाहीर करत नाहीत. मान एखाद्या खेळालाच मिळतो असं नाही, तो व्यक्तीला, संस्थेला किंवा संकेतस्थळालाही मिळू शकतो. मानचिन्हाची कथा ऐकण्यासारखी आहे. इंडियाना जोन्सवरच्या एका भूमिकाखेळाचा परवाना संपल्यावर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढणाऱ्या टीएसआर कंपनीच्या ब्रिटिश शाखेत त्याच्या उरलेल्या प्रती जाळल्या गेल्या. त्यातला एक अर्धवट जळका तुकडा पारदर्शक पिरॅमिडमध्ये बसवला आहे, आणि ‘इंडियाना जोन्स’ या नावातली न जळता उरलेली अक्षरं म्हणजे ‘डायना जोन्स’. ‘माय लाइफ विथ मास्टर’ला हा मान २००४ मध्ये मिळाला. २००८ मध्ये तो जेसन मॉर्निंगस्टार यांच्या ‘ग्रे रँक्स’ला गेला. पोलंडमध्ये नाझींविरुद्ध झालेल्या १९४४ च्या वॉर्सा उठावात लढणाऱ्या किशोरवयीन मुलांवरचा हा खेळ आहे. इतका जड विषय मोठ्या कंपनीने हाती घेतला असता असं वाटत नाही.

अलीकडच्या काळात लहान खेळांची संख्याच प्रचंड वाढली. लोकवर्गणीतून पैसे उभे करायच्या ‘किकस्टार्टर’ या संकेतस्थळावर २०१९ पासून छोट्या पुस्तिकांच्या रूपातल्या खेळांसाठी ‘झाइनक्वेस्ट’ हा उपक्रम चालतो, तर ‘इच-आयओ’ या संकेतस्थळावर कुणीही आपला खेळ विकायला ठेवू शकतो. छापण्याची अडचण सरली, पण एवढ्या गर्दीत आपला खेळ कुणाच्या नजरेला पडणं अधिकच कठीण झालं. डायना जोन्स समितीने २०२१ साली नवोदित रचनाकारांसाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला. त्यात मानाबरोबरच, इंडियानापोलिसला भरणाऱ्या ‘जेन कॉन’ या मोठ्या खेळमेळ्याला स्वतः येता यावं यासाठी मदतही दिली जाते.