हायवेवर पडलेला टायरचा पट्टा काय सांगतो

पुण्यात वारज्याहून नवले पुलाकडे जाताना किंवा सोलापूर रोडला लोणी काळभोर सोडल्यावर, रस्त्याच्या कडेला काळे, वळलेले पट्टे पडलेले दिसतात. काही हातभर, काही पुरुषभर लांबीचे, कडांमधून बारीक तारा बाहेर आलेले. गाडीतलं कुणी ना कुणी लगेच म्हणतं, "रिमोल्डचा टायर असणार." रिमोल्ड म्हणजे झिजलेल्या टायरच्या सांगाड्यावर नवा थर चढवलेला टायर. विषय तिथेच संपतो. माझ्या मते हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि त्यामुळे नुकसानही होतं. रिमोल्डवर खापर फोडून आपण मोकळे होतो आणि खरं कारण, म्हणजे टायरमधली कमी झालेली हवा, नजरेआड राहतं.

भरलेल्या ट्रकचं वजन टायरचं रबर पेलत नाही, आत कोंडलेली हवा पेलते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहू गाड्यांची भारमर्यादा वाढवली. तेव्हापासून चार टायरच्या एका एक्सलवर साडेअकरा टन वजन चालतं, म्हणजे दर टायरच्या वाट्याला जवळपास २,९०० किलो. आपल्या कारच्या टायरमध्ये ३०-३५ पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) हवा असते, ट्रकच्या टायरमध्ये साधारण ११० ते १३०. १२० पीएसआयने २,९०० किलो पेलायचे तर रस्त्याला टेकलेला भाग सुमारे ३४० चौरस सेंटीमीटर असावा लागतो. आता हवा पाव हिश्श्याने कमी झाली असं धरू. वजन तेवढंच आहे, त्यामुळे टेकलेला भाग एक तृतीयांशाने वाढतो. टायर जास्त बसतो आणि त्याच्या बाजू जास्त वाकतात. उभ्या ट्रककडे पाहून हा फरक सहसा कळत नाही.

ट्रक धावायला लागला की हे वाकणं दर फेऱ्याला होतं. ट्रकच्या नेहमीच्या टायरचा परिघ सव्वातीन मीटरच्या आसपास असतो. ताशी ८० किलोमीटरला तो सेकंदाला जवळपास सात फेरे घेतो. कात्रजहून कोल्हापूरला पोहोचेपर्यंत टायरचा प्रत्येक भाग सत्तर हजारांच्या घरात वेळा दबतो आणि सुटतो. रबर दबताना जी ऊर्जा घेतं ती सगळी परत देत नाही. काही भागाची उष्णता होते. बांधकामावर सळ्या बांधायची तार हाताने मागे-पुढे वाकवून तोडली तर ती तुटण्याआधी बोटांना चटका देते, तसंच हे आहे. फरक एवढाच की रबर उष्णतेचं वाईट वाहक आहे. आत तयार झालेली उष्णता पटकन बाहेर पडत नाही. जिथे रबर सर्वांत जाड असतं तिथे, म्हणजे टायरच्या खांद्याशी (टेकणारा भाग आणि बाजू जिथे मिळतात), ती साठत जाते.

आणि नेमक्या त्याच जागी टायरची नाजूक शिवण आहे. रेडियल टायरमध्ये रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या थराखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. रबर पोलादाला आपणहून धरत नाही, म्हणून या तारांवर पितळेचा पातळ मुलामा देतात. कारखान्यात टायर साच्यात घालून तापवला जातो, तेव्हा रबरातलं गंधक पितळेतल्या तांब्याशी संयोग पावतं आणि तार व रबर एकमेकांत गुंततात. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर गंधकासोबत तापवून टिकाऊ केलं, त्याच रसायनाचा हा पुढचा उपयोग. ही पकड फार भक्कम असते, पण तिचे दोन शत्रू आहेत: सततची उष्णता आणि पाणी. उष्णतेने पट्ट्यांच्या कडांना केसाएवढी फट पडते. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर घासू लागतात, त्याने आणखी उष्णता तयार होते आणि फट आत सरकत जाते.

शेवटचा हिसका वेगाचा असतो. ताशी ८० किलोमीटरला ट्रकच्या टायरच्या पृष्ठभागावरचं एक किलो रबर जवळपास ९५ किलो वजनाच्या जोराने बाहेर ओढलं जातं. सुटा झालेला कोपरा मग राहत नाही. तो आधी मडगार्डवर आपटतो, अनेकदा ब्रेकचा हवेचा पाइप किंवा मागच्या दिव्यांच्या वायरी तोडतो आणि पट्टा सोलून निघतो.

ट्रकच्या मागच्या चाकांची जोडी या दुखण्याला आणखी खतपाणी घालते. शेजारी-शेजारी दोन टायर. आतल्याची हवा गेली तर बाहेरचा सगळं वजन अंगावर घेतो आणि गाडी चालत राहते. ड्रायव्हरला स्टिअरिंगवर काहीच जाणवत नाही. आतला टायर दबून, घासून आतल्या आत भाजत असतो आणि बाहेरचा दुप्पट भाराखाली तापत असतो. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात किंवा कुठल्याही ढाब्यावर पाहा. निघण्याआधी ड्रायव्हर किंवा क्लीनर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन प्रत्येक टायरवर ठोका देतो. भरलेला टायर टणकन् बोलतो आणि टॉमी उसळते. सपाट झालेला भद्द आवाज करतो. ही जुनी, कामाची पद्धत आहे. पण १२० ची हवा ९५ वर आली असेल तर ठोक्यात तो फरक अनुभवी कानालाही सहज सापडत नाही, आणि उष्णतेचं काम तेवढ्यावर सुरू झालेलं असतं. तिथे मीटरच लावावा लागतो. आतल्या टायरच्या वॉल्व्हपर्यंत हात पोचणं कटकटीचं, म्हणून नेमका तोच तपासायचा राहतो.

आता तो पडलेला पट्टाच वाचू. हायवेवर उतरून नव्हे, टायरवाल्याच्या दुकानामागे असे तुकडे ढिगाने मिळतात. पट्टा उलटा करायचा. आतली बाजू गुळगुळीत असेल, तारा कुठेच दिसत नसतील, तर नवा चढवलेला थर जुन्या सांगाड्यापासून सुटलेला असू शकतो. रिमोल्डला दोष द्यायची जागा असलीच तर ही. आतून तारांचे तुटके झुपके बाहेर आले असतील तर सुटलेली जागा मूळ टायरच्या पोटातली आहे, रिमोल्डच्या सांध्यातली नव्हे. तारा गंजलेल्या असतील तर आणखी जुनी गोष्ट कळते: कधीतरी खिळा किंवा दगड घुसला, चीर पडली, पावसाचं पाणी आत गेलं, आणि टायर पुढे कित्येक महिने तसाच पळत राहिला. रबर निळसर आणि चिकट झालेलं दिसलं तर ते भाजलेलं आहे. टायरच्या बाजूच्या आतल्या अंगाला गोल घासल्याचा पट्टा असेल तर तो हवेविना बराच वेळ धावला आहे.

असंच वाचन अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर झालं आहे. तिथल्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेसाठी मिशिगन विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेने वेगवेगळ्या राज्यांतल्या रस्त्यांवरून ट्रकच्या टायरचे हजाराहून अधिक तुकडे गोळा करून तपासले. २००८ च्या त्या अहवालात दिसलं ते असं: मुळात जितक्या प्रमाणात रिट्रेड, म्हणजे आपण ज्यांना रिमोल्ड म्हणतो ते टायर वापरात आहेत, साधारण तितक्याच प्रमाणात त्यांचे तुकडे रस्त्यावर सापडतात. जास्त नाहीत. मुख्य कारणं दोन निघाली. एक, रस्त्यावरच्या वस्तूंनी झालेल्या इजा. दुसरं, देखभालीतली हयगय. अमेरिकेतले रस्ते आणि ट्रक वेगळे आहेत, त्यामुळे तिथलं प्रमाण जसंच्या तसं इथे लावता येणार नाही. रबराचं भौतिकशास्त्र मात्र दोन्हीकडे एकच आहे. विमानांचे टायरसुद्धा सर्रास रिट्रेड करून पुन्हा वापरले जातात. फरक सांगाड्याच्या तपासणीत आणि हवेच्या शिस्तीत आहे. सांगाडा न तपासता, आतल्या जखमा न बघता घाईने चढवलेला रिमोल्ड धोकादायकच, त्याची भलामण मी करत नाही.

हवेबद्दलची एक समजूत तर इतकी पक्की आहे की ती खोडायला वेळ घ्यावा असं वाटतं. "उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवावी, नाहीतर टायर फुटतो." ट्रकवालेच नव्हे, कारवालेही हेच सांगतात. गणित करून पाहू. सकाळी ३० अंशांना १२० पीएसआय भरलेला टायर धावून आतून ८० अंशांना गेला तर दाब १४० च्या थोडा वर जातो. ही वाढ टायर बनवणाऱ्यांनी आधीच धरलेली असते. आता इंदापूरजवळ चहाला थांबल्यावर कुणी मीटर लावला, १४० पाहून घाबरला आणि १२० पर्यंत हवा सोडली, तर तोच टायर पहाटे गार झाल्यावर १०० च्या आसपास असेल. दुसऱ्या दिवशी तो आदल्या दिवसापेक्षा जास्त वाकणार, जास्त तापणार. मे महिन्यात सोलापूरकडचं डांबर आधीच ६० अंशांच्या वर गेलेलं असतं, त्यात ही भर. हवा गार टायरला मोजायची, गाडी तीन-एक तास उभी असताना, आणि बरोबर तेवढीच ठेवायची.

घाटाचा हिशेब वेगळा. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांब उतार, बोर घाट, खंबाटकी. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतो, त्याची उष्णता रिंगमध्ये आणि रिंगमधून टायरच्या काठात उतरते. आधीच आतून तापलेल्या टायरला मग बाहेरूनही शेक बसतो. न्यूट्रलमुळे ब्रेक निकामी होतात हे आपण ऐकतो. टायरही त्याचीच किंमत मोजतो.

सुटलेला तुकडा काय करू शकतो याचं सर्वांत भीषण उदाहरण रस्त्यावरचं नाही. २५ जुलै २००० रोजी पॅरिसहून उडताना कॉन्कॉर्ड विमानाचं चाक धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या पट्टीवरून गेलं. टायर फाटला आणि साडेचार किलोचा तुकडा पंखाखाली आदळला. त्या धक्क्याने भरलेल्या टाकीतल्या इंधनात दाबाची लाट उठली, टाकी फुटली, आग लागली. विमानातले १०९ आणि जमिनीवरचे ४ जण गेले. हायवेवर वेग कमी असतो, पण धावत्या चाकाचा वरचा भाग रस्त्याच्या तुलनेत गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. ट्रक ८० ने धावत असेल तर तिथून सुटलेला तुकडा १६० च्या वेगाने निघू शकतो. शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराला तुकडा लागलाच पाहिजे असंही नाही. शंभरावर पीएसआयची हवा एका क्षणात सुटते, त्या झोताने आणि दणक्यानेच तोल जाऊ शकतो.

तरीही सगळेच बळी उडणाऱ्या तुकड्याचे नसतात. बरेच पडलेल्या पट्ट्याला चुकवताना जातात. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालक संघटनेच्या रस्ता सुरक्षा प्रतिष्ठानने २०११ ते २०१४ या चार वर्षांतले, रस्त्यावर पडलेल्या सर्व प्रकारच्या वस्तूंमुळे झालेले अपघात तपासले. ते दोन लाखांहून अधिक होते, मृत्यू पाचशेवर. त्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त मृत्यू चालकाने अचानक गाडी वळवल्यामुळे झाले.

रात्री ही अडचण किती मोठी होते बघा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या फिकट काँक्रीटवर काळा पट्टा निदान उठून दिसतो. डांबरावर काळ्यावर काळं. सपाट पडला असेल तर त्याची दिसणारी उंची जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर. खालच्या झोतात हेडलाइट नीट दाखवतात पन्नास-साठ मीटरपर्यंत. ताशी ८० ला, दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंतच ३० मीटरच्या वर अंतर कापलं जातं आणि कोरड्या रस्त्यावर गाडी पूर्ण थांबायला आणखी ३५ मीटर लागतात. म्हणजे दिसल्यावर थांबता येणारच नाही. उपाय वेग कमी ठेवणं आणि पुढच्या गाडीपासून अंतर सोडणं. पुढच्या गाडीला चिकटून चाललात तर तिच्या पोटाखालून पट्टा एकदम समोर येतो, तोही तिच्या चाकाने उचलून उभा केलेला.

पुण्यात या धोक्याचा सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांच्या पदरी येतो. एक्स्प्रेसवेवर दुचाकींना बंदी आहे, पण बायपासवर, सोलापूर आणि नाशिक रोडवर हिंजवडी-चाकणच्या पाळ्या धरणारे हजारो लोक रोज ट्रकच्या बाजूने जातात. जपून चालवणारे पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे राहतात. गाड्यांच्या चाकांनी आणि वाऱ्याने ढकललेले तुकडे, खडी, तारा नेमके तिथेच जमतात. म्हणजे जो जास्त सावध त्याच्याच वाटेत हा कचरा. हा दोष त्या माणसांचा नाही, कडा वेळेवर न झाडण्याचा आहे. रस्त्याची देखभाल म्हणजे फक्त खड्डे बुजवणं, असं मानणं आता सोडायला हवं.

पट्टा टाळता येणार नाही असं दिसलं तर हँडल सरळ ठेवा, ब्रेक पट्ट्याच्या आधी लावा, चाक त्यावर चढताना सोडा, आणि सीटवरून किंचित उठून फुटरेस्टवर भार द्या. ट्रकच्या मागच्या चाकांच्या शेजारी रेंगाळू नका. पुढे जा किंवा मागे राहा. जळक्या रबराचा वास आला, मडगार्डखालून फटफट आवाज आला किंवा जोडीतला एक टायर हलताना दिसला, तर अंतर लगेच वाढवा. कारखालून पट्टा गेला असेल तर पुढे सुरक्षित जागी थांबून खाली तेल किंवा पाणी गळतंय का, ब्रेकचा पाइप शाबूत आहे का, ते पाहा. पट्टा उचलायला स्वतः रस्त्यात उतरू नका. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन लावा आणि जवळच्या किलोमीटर दगडावरचा आकडा, कुठल्या दिशेची बाजू आणि कितवी लेन एवढं सांगा.

धोरणाच्या पातळीवर माझी मागणी साधी आहे. जादा मालासाठी २० हजार रुपये आणि वर दर टनामागे २ हजार दंड कायद्यात आहे, टोलनाक्यांवर वजन मोजण्याची सोयही आहे. हवा मोजण्याची सोय मात्र नाही. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून नव्या ट्रकमध्ये टायरचा दाब सतत सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडे ती येईपर्यंत खेड शिवापूर किंवा पाटसच्या नाक्यावर ट्रकसाठी वेगळी जागा, मोफत हवा आणि आतल्या टायरपर्यंत पोचणारा लांब नळीचा मीटर एवढं ठेवायला फार खर्च येणार नाही.