वॉरहॅमर ४०,००० : विनोद आणि गांभीर्य

वॉरहॅमर ४०,००० हा टेबलावर छोट्या प्रतिकृती मांडून, टेपने अंतर मोजत आणि फासे टाकत खेळायचा ब्रिटिश युद्धखेळ. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने तो १९८७ मध्ये ‘रोग ट्रेडर’ या उपशीर्षकासह बाजारात आणला. मूळ रचना रिक प्रीस्टली यांची. खेळाची पार्श्वकथा एकेचाळिसाव्या सहस्रकात घडते. माणसांचे ‘इम्पीरियम’ नावाचे साम्राज्य आकाशगंगाभर पसरलेले आहे आणि आतून कुजलेले आहे. त्याचा सम्राट दहा हजार वर्षे एका सुवर्णसिंहासनावर जवळजवळ प्रेतावस्थेत बसून आहे. त्याला टिकवायला रोज हजार माणसांचा बळी लागतो. सैनिक मागे हटला तर कमिसार नावाचा अधिकारी त्याला तिथेच गोळी घालतो. दूरच्या भविष्याच्या भीषण अंधारात (‘ग्रिम डार्कनेस’) फक्त युद्ध आहे, असे खेळाचे घोषवाक्यच सांगते, आणि ‘ग्रिमडार्क’ ही आता साऱ्या विज्ञानकथेत रूढ झालेली संज्ञा त्याच घोषवाक्यातून निघाली.

असे असूनही या खेळाचे चाहते एकत्र जमले की निम्मा वेळ हसण्यात जातो. हा विनोद कुठून येतो, तो मूळ आराखड्यात होता की चाहत्यांनी घुसडला, आणि तो न कळणाऱ्यांचे काय करायचे, यावर गेली काही दशके वाद चालू आहे.

उगम

सत्तरीच्या अखेरीचे आणि ऐंशीच्या दशकातले ब्रिटन ध्यानात घेतल्याशिवाय या खेळाचा सूर लागत नाही. १९७७ मध्ये सुरू झालेल्या ‘२००० एडी’ या साप्ताहिक कॉमिकने तिथल्या एका पिढीला उपरोधाचे वळण लावले. त्यातला जज ड्रेड हा पोलीस, न्यायाधीश आणि प्रसंगी फाशी देणारा असा सगळा कारभार एकटाच उरकतो. वाचकाने त्याचे शौर्य पाहून थरारायचे आणि त्याच वेळी ही व्यवस्था किती भयंकर आहे हेही ओळखायचे. गेम्स वर्कशॉपने १९८५ मध्ये ड्रेडवर आधारित रोलप्लेइंग खेळ काढला होता, म्हणजे ही तालीम घरातच झालेली होती. सत्तेवर मार्गारेट थॅचर होत्या. खेळातल्या ऑर्क या हिरव्या, दांडगट जमातीचा सेनापती गॅझकुल मॅग उरुक थ्राका याच्या नावात बाईच दडल्या आहेत, असे चाहते आवडीने सांगतात. नाव भराभर उच्चारले की पटायलाही लागते.

पहिल्या पुस्तकात थट्टा उघड होती. एका इन्क्विझिटरचे, म्हणजे धर्मद्रोह्यांना हुडकून जाळणाऱ्या अधिकाऱ्याचे, नाव होते ओबीवान शेरलॉक क्लूसो. ज्याला यातली तिन्ही नावे (‘स्टार वॉर्स’मधला ओबीवान, शेरलॉक होम्स आणि ‘पिंक पँथर’मधला इन्स्पेक्टर क्लूसो) ओळखता येतात त्याला पुस्तक कशा नजरेने वाचायचे हे पहिल्या झटक्यात कळते. पुढे आलेला जंगलयोद्धा स्लाय मार्बो हा रॅम्बोची अक्षरे उलटसुलट करून बनवलेला. डार्क एंजल्स या पलटणीच्या मूळपुरुषाचे नाव लायन एल’जॉन्सन. लायोनेल जॉन्सन या व्हिक्टोरियन कवीची ‘द डार्क एंजल’ नावाची कविता आहे, त्यावरची ही कोटी. गंमत पुढेच आहे. २००६ मध्ये ‘होरस हेरेसी’ ही कादंबरीमाला सुरू झाली, तिचे ५४ क्रमांकित खंड निघाले, आणि त्यात हाच लायन भाऊबंदकीत होरपळणारा, अबोल, शोकात्म नायक झाला. त्याच्यासाठी डोळे ओले करणाऱ्या कित्येक वाचकांना आपण एका कोटीसाठी रडतो आहोत याचा पत्ता नसतो. या विश्वात हे वारंवार घडले आहे: गमतीत टाकलेली गोष्ट वर्षे उलटली की घट्ट होत जाते आणि तिचा इतिहास बनतो.

उपरोधाची रीत

इम्पीरियमच्या कथेचा गाभा मुळात एक क्रूर विनोद आहे. सम्राट धडधाकट होता तेव्हा त्याने धर्मावर बंदी घातली होती. मला देव मानू नका, असे तो बजावत असे. तो सिंहासनावर खिळल्यावर त्याच्याच नावाचा धर्म उभा राहिला, आणि आता त्याला देव न मानणाऱ्याला देहान्ताची शिक्षा आहे. निवेदक यावर चकार शब्द काढत नाही. इम्पीरियमचे वर्णन इम्पीरियमच्याच भाषेत येते: पोथीसारख्या भारदस्त इंग्रजीत, लॅटिनचा साज चढवून. नियमपुस्तकांच्या समासात ‘आजचा विचार’ म्हणून सुविचार छापलेले असतात. ज्याच्या मनात संशय मावतच नाही इतके ते मन लहान, तो धन्य, अशा आशयाचे. शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारांइतक्याच सात्त्विक थाटात ते लिहिलेले आहेत आणि हसू येते ते त्या थाटामुळे.

यंत्रांचे पुजारी हा या रीतीचा आणखी एक नमुना. इंजिन चालू करण्याआधी ते उदबत्त्या लावतात, तेल शिंपडतात, मंत्र म्हणतात, आणि यंत्रातल्या आत्म्याची माफी मागतात. इंग्रज वाचकाला एवढेच वाचून हसू फुटते. खंडेनवमीला पाना-पक्कडीला हळदकुंकू वाहणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी गाडीला झेंडूचा हार घालणाऱ्या मराठी वाचकाला त्यात एकदम वावगे वाटणार नाही. मेख अशी की या पुजाऱ्यांना इंजिन कसे चालते हे ठाऊकच नाही, आणि नवा शोध लावणे त्यांच्यात पाप आहे. दुरुस्तीच्या सूचनाच मंत्र म्हणून पाठ केल्या जातात.

लढणाऱ्या साध्या शिपायाला मिळणारी सरकारी पुस्तिका कंपनीने खरोखरच छापून विकली. तिच्यात शत्रू किती दुबळा आहे आणि आपली बंदूक किती भरवशाची आहे याची ठाम ग्वाही आहे. खेळ खेळलेल्या कुणालाही ठाऊक असते की हे दोन्ही साफ खोटे आहे, आणि ती ग्वाही वाचणारा शिपाई पहिल्याच चढाईत मरणार आहे.

ऑर्क

उघड विनोदाची मक्तेदारी मात्र ऑर्कांकडे आहे. हे हिरवे, धिप्पाड, बुरशीसारखे बीजाणूंतून उगवणारे प्राणी लंडनच्या फुटबॉल दंगेखोरांच्या बोलीत ओरडतात आणि युद्धाला सणासारखे जातात. १९९०-९१ मध्ये त्यांच्यावर निघालेल्या पुस्तकांत त्यांचे अर्थशास्त्रही सांगितले आहे. चलन म्हणजे दात. दात काही वर्षांत किडतात, त्यामुळे साठेबाजी करता येत नाही. गरिबाला पुन्हा दात येतात, त्यामुळे कुणी कायमचा कंगाल राहत नाही. कर्ज वसूल करायचे तर समोरच्याच्या जबड्यावर ठोसा हाणायचा. इम्पीरियमच्या करव्यवस्थेपेक्षा ही व्यवस्था कितीतरी न्याय्य आहे, आणि लिहिणाऱ्यांना ते दिसत नव्हते असे मानणे कठीण आहे.

ऑर्कांचा विनोद टिकला याचे एक कारण तो नियमांत उतरला, हे असावे. लाल गाडी जास्त वेगाने धावते अशी ऑर्कांची श्रद्धा. एका जुन्या कोडेक्समध्ये, म्हणजे त्या सैन्याच्या नियमपुस्तकात, गाडी लाल रंगवण्यासाठी आपल्या वाट्याचे काही गुण खर्च केले की ती खरोखर एक इंच जादा पळत असे. शॉक अटॅक गन नावाची तोफ स्नॉटलिंग या इवल्याशा जीवांना नरकासारख्या मितीतून भिरकावते. ते भेदरून, वेडेपिसे होऊन शत्रूच्या चिलखताच्या आत प्रकट होतात. फासे विचित्र पडले तर तोफ चालवणाऱ्याचीच शोभा होते. पार्श्वकथेतली थट्टा नव्या लेखकाला पुसता येते. टेबलावर दोन खेळाडूंनी मिळून पाहिलेली फजिती मात्र वर्षानुवर्षे सांगितली जाते.

सूर बदलतो

१९९३ ची दुसरी आवृत्ती भडक रंगांची होती, लाल रंगाचा तर सुकाळ. १९९८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून चित्र काळवंडले. जॉन ब्लांश यांच्या गंजलेल्या, मेणबत्त्या-कवट्यांनी भरलेल्या चित्रशैलीने सगळ्या विश्वाचा ताबा घेतला आणि क्लूसोसारखी नावे मागे पडली. यामागे व्यवहारही होता. सर्वाधिक खपतात ते स्पेस मरीन, म्हणजे लहानपणीच उचलून नेऊन, शस्त्रक्रियांनी घडवलेले धर्मांध सैनिक. आणि जो खोक्याच्या झाकणावर नायक म्हणून झळकतो त्याची खिल्ली उडवणे दुकानदाराला परवडत नाही. पार्श्वकथा आपण नेहमीच उपरोधाने लिहिली होती, आणि कंपनीत स्पेस मरीनचे वीर म्हणून कौतुक होई तेव्हा आपल्याला हसू येई, असे प्रीस्टली यांनी कंपनी सोडल्यानंतर मुलाखतीत सांगितले आहे.

अधिकृत साहित्यात विनोदाला उरलेली मोठी जागा म्हणजे सँडी मिचेल यांची २००३ मध्ये सुरू झालेली सायफस केनची कादंबरीमाला. केन कमिसार आहे, स्वतःच्या मते पक्का भित्रा आहे, आणि जीव वाचवण्याच्या प्रत्येक धडपडीतून त्याची कीर्ती वाढत जाते. तो आपल्या सैनिकांना गोळ्या घालत नाही, कारण पाठीमागून आपल्यालाही एक बसेल हे त्याला कळते. त्याच्या आठवणींना एका इन्क्विझिटर बाईंच्या कोरड्या तळटीपा आहेत. क्रौर्याचा तपशील जराही सौम्य न करता हसवणे या पुस्तकांना साधले आहे.

बाकीचे काम चाहत्यांनी अंगावर घेतले. २००८ च्या ‘सोलस्टॉर्म’ या संगणकखेळात एका स्पेस मरीन सेनानायकाचे भाषण इतक्या विचित्र उच्चारांत ध्वनिमुद्रित झाले की ‘स्पेस मेहरीन्स’ हा अपभ्रंश कायमचा रुळला. ‘हेरेसी!’ (धर्मद्रोह!) हा शब्द तर गप्पांत कुठल्याही क्षुल्लक मतभेदावर फेकला जातो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या एका लोकप्रिय ॲनिमेशन मालिकेत सम्राटाच्या सिंहासनाला बोलणारे यंत्र जोडले जाते आणि तो दहा हजार वर्षांचा राग आपल्याच भक्तांवर काढू लागतो. मूळ पुस्तकांनी गिळलेला उपरोध या मालिकेने बोलून दाखवला.

खरे मानणारे

ज्या उपरोधात निवेदक डोळा मिचकावत नाही, त्याला एक धोका कायम चिकटलेला असतो: कुणीतरी ते खरे मानते. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प यांना सम्राटाच्या सोनेरी चिलखतात दाखवणारी मीम पसरली. काही थट्टेची, काही खरोखर भक्तिभावाची, आणि कोणती कुठली हे सांगणे अवघड. २०१९ मध्ये इटलीतल्या व्हियारेज्जो कार्निव्हलमध्ये तेच रूप अजस्र चित्ररथावर आले, तेव्हा कलाकाराचा रोख टीकेचा होता आणि फोटो मात्र समर्थकांनीही मिरवले. २०२१ मध्ये स्पेनमधील एका स्पर्धेत एक खेळाडू नाझी चिन्हे मिरवत खेळायला बसला. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये गेम्स वर्कशॉपने निवेदन काढले: या विश्वात सज्जन कुणीच नाही, इम्पीरियम हा आदर्श नसून धोक्याचा इशारा आहे, आणि हे सारे उपहासात्मक आहे.

निवेदन योग्यच होते. पण त्याच वर्षी जुलैत कंपनीने चाहत्यांच्या ॲनिमेशनवर कडक बंदी आणली होती, तिची स्वतःची सशुल्क व्हिडिओ सेवा ऑगस्टमध्ये सुरू व्हायची होती, आणि सम्राटाला बोलते करणारी ती मालिका निर्मात्यांनी थांबवली. आमचा खेळ उपहास आहे, असे सांगण्याच्या चार महिने आधी सर्वांत नेमका उपहास करणाऱ्यांना गप्प बसावे लागले, याची नोंद चाहत्यांनी घेतलीच.

गांभीर्यासाठी विनोदाचा बळी देण्याचे जुने उदाहरण स्क्वॅट्सचे. हे अंतराळातले बुटके, मोटारसायकलींवर हिंडणारे लोक पहिल्या काळात खेळात होते. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत ते गळाले. आमच्या हातून एका अभिमानी जमातीचे बुटक्या बाइकस्वारांचे हसे झाले, अशा अर्थाचा खुलासा रचनाकार जर्विस जॉन्सन यांनी नंतर केला. कीटकासारख्या टिरॅनिड्सनी त्यांना खाऊन टाकले, हे स्पष्टीकरण चाहत्यांत रूढ झाले आणि ‘स्क्वॅट्स कधी येणार’ ही पिढीजात टिंगल होऊन बसली. अखेर ‘लीग्ज ऑफ व्होटान’ या नावाने, नव्या चिलखतांत आणि पुष्कळच गंभीर होऊन ते परतले. कंपनीने त्याची घोषणा २०२२ मध्ये केली, तीही १ एप्रिलला, त्यामुळे बऱ्याच जणांनी ती एप्रिल फूल समजून सोडून दिली.