मायक्रोब्लेडिंग की पावडर ब्रो? आधी त्वचा बघा, मग फोटो

भुवया कायमच्या भरून घ्यायचं मनात आलं की पहिला गोंधळ नावांचा होतो. मायक्रोब्लेडिंग, पावडर ब्रो, ओम्ब्रे, मायक्रोशेडिंग, नॅनो, कॉम्बो. यादी लांबलचक असली तरी मुळात पद्धती दोनच आहेत. एकीत, म्हणजे मायक्रोब्लेडिंगमध्ये, हाताने त्वचेवर बारीक चिरा पाडून त्यांत रंग भरतात, दुसरीत, म्हणजे पावडर ब्रोमध्ये, सुईने टिंबं टोचत रंगाची छटा उभी करतात. ओम्ब्रे म्हणजे सुरुवातीला फिकट आणि टोकाकडे गडद होत गेलेली पावडर ब्रो. कॉम्बो म्हणजे पुढच्या भागात रेषा आणि मागे टिंबं. नॅनो म्हणजे केसासारख्या रेषाच, पण यंत्राच्या सुईने टोचत काढलेल्या. चीर आणि टिंब एवढा फरक ध्यानात ठेवला तर कुणाला काय जमेल, किती टिकेल आणि बिघडलं तर कसं बिघडेल, हे बरंचसं त्यातून आपोआप कळतं.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट असावी. दोन्ही प्रकार गोंदणच आहेत. त्वचेचा सगळ्यात वरचा थर कागदाच्या पानाइतका पातळ असतो आणि साधारण चार ते सहा आठवड्यांत नवा होतो. रंग तिथेच राहिला तर खपलीबरोबर गळून जातो. म्हणून तो त्या थराच्या लगेच खाली, आतल्या थराच्या वरच्या काठावर बसवावा लागतो. तिथल्या भक्षक पेशी रंगाचे कण गिळून धरून ठेवतात आणि त्यामुळेच भुवई एक ते तीन वर्षं दिसत राहते. ‘सेमी-परमनंट’ या शब्दाचा अर्थ रंग फिकट होतो एवढाच आहे. तो पूर्ण निघून जाईलच, असा त्याचा अर्थ नाही. अनेकांच्या त्वचेत पुसट सावली कितीतरी वर्षं राहते.

चीर: मायक्रोब्लेडिंग

नावात ब्लेड असलं तरी पातं नसतं. सात ते अठरा अतिशय बारीक सुया एका ओळीत, तिरप्या बसवलेल्या असतात आणि ती ओळ पेनसारख्या दांड्यात अडकवतात. तज्ज्ञ एका हाताच्या बोटांनी आणि दुसऱ्या हाताच्या करंगळीने त्वचा तीन बाजूंनी ताणून धरतात आणि सुयांची ओळ त्वचेला काटकोनात ठेवून केसाच्या वळणाने ओढतात. ताण कमी पडला की रेष थरथरते. सुया तिरप्या झाल्या की रंग रेषेच्या एका बाजूला पसरतो. हात योग्य खोलीवर चालला तर कागद खरवडल्यासारखा बारीक आवाज येतो. बरेच तज्ज्ञ त्या आवाजावरच खोलीचा अंदाज घेतात. चिरेतून किंचित लस, म्हणजे पाण्यासारखा पातळ स्राव, दिसणं ठीक. रक्त ठिबकायला लागलं तर हात खोल गेला आहे. वाहणारं रक्त रंग बाहेर ढकलतं, आणि तरीही जो आत उरतो तो नको तितक्या खोल बसतो.

कोरड्या किंवा सर्वसाधारण त्वचेवर, भुवईत थोडेफार स्वतःचे केस असताना, चांगल्या हाताची मायक्रोब्लेडिंग खरोखर सुंदर दिसते. खऱ्या केसांमध्ये काढलेल्या रेषा मिसळून जातात. मेकअप न करणाऱ्याच्या चेहऱ्यावरही त्या उपऱ्या वाटत नाहीत. एरवी भुवई दाट आहे पण मधेच जुना व्रण आहे किंवा शेपटाकडे केस कमी आहेत, अशा ठिकाणी तिला तोड नाही.

तेलकट त्वचेवर मात्र हीच पद्धत सगळ्यात जास्त फसते. मोठी रंध्रं, जाडसर त्वचा आणि सतत सुटणारं तेल यामुळे चिरांच्या कडा धूसर होतात. पहिल्या दिवशी सुट्या दिसणाऱ्या रेषा काही महिन्यांत एकमेकींत मिसळून करडा पट्टा होतो. आणि चिरा पाडल्याशिवाय ही पद्धत होत नाही, त्यामुळे त्याच जागी पुन्हापुन्हा केली की त्वचा टणक होऊन व्रण धरते. व्रणाच्या त्वचेत रंग नीट बसत नाही, मग कुणीतरी आणखी जोर लावतं, आणि नुकसान वाढत जातं. मूळ काम आणि टच-अप (काही आठवड्यांनी रंग पुन्हा भरून घेणं) धरून दोन-तीन वेळा झाल्यावर पुढच्या खेपेला टिंबांकडे वळावं, असं आमचं ठाम मत आहे.

टिंब: पावडर ब्रो

इथे यंत्रातली सुई सेकंदाला शंभरच्या आसपास वेळा वर-खाली होते. बहुतेकदा एकच सुई असलेलं कार्ट्रिज वापरतात. हात घड्याळाच्या लंबकासारखा हलका झुलवत थरावर थर टिंबं देतात. दोन टिंबांमध्ये त्वचेची फट राहिली तर छटा मऊ, भुकटी भुरभुरल्यासारखी दिसते. हात संथ आणि यंत्र वेगात असेल तर टिंबं एकमेकांवर चढतात आणि भुवई ठोकळ्यासारखी भरीव होते. सगळ्यात जपून करायचा भाग सुरुवातीचा, नाकाकडचा. तिथे टिंबं विरळ हवीत. तो भाग गडद झाला की चेहऱ्यावर सतत आठी असल्यासारखं वाटतं.

टिंबांना रेषेसारखी कड नसते. त्यामुळे तेलकट त्वचेवर ती थोडी पसरली तरी फार बिघडत नाही, आणि म्हणूनच तेलकट, मोठ्या रंध्रांच्या किंवा वयामुळे पातळ झालेल्या त्वचेसाठी हीच पद्धत जास्त भरवशाची आहे. पातळ, नाजूक त्वचा चिरेने फाटते, टिंबं ती सहन करते, अर्थात हात हलका असेल तर. जुनं गोंदण खाली शिल्लक असेल तर रेषांनी ते झाकता येत नाही, कारण रेषांच्या फटींतून जुना रंग डोकावतो. टिंबांनी थोडंफार झाकता येतं. जुना रंग फार गडद असेल तर मात्र आधी तो लेझरने फिका करून घेणंच बरं.

हिची मर्यादा दिसण्यात आहे. ती पेन्सिल किंवा पावडर फिरवलेल्या भुवईसारखी दिसते, केसासारखी नाही. रोज भुवया भरणाऱ्याला ती लगेच आपली वाटते. कधीच न भरणाऱ्याला पहिले काही आठवडे आरशात परकी वाटू शकते. भुवईत केसच नसतील, तर नुसत्या टिंबांनी आकार येतो पण पोत येत नाही. तिथे कॉम्बो किंवा नॅनोचा विचार करावा.

टिकण्याचं गणित ढोबळ आहे. मायक्रोब्लेडिंग साधारण एक ते दीड वर्ष ठळक राहते, पावडर ब्रो दोन ते तीन वर्षं. ऊन, तेलकटपणा आणि रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) किंवा त्वचेचे पापुद्रे काढणाऱ्या आम्लांची क्रीम हे दोन्हींचा रंग लवकर उडवतात.

‘मायक्रोशेडिंग’ म्हणजेही टिंबांनी छटा देणंच, पण हा शब्द ऐकलात तर एक प्रश्न विचाराच: हाताने की यंत्राने? काही ठिकाणी त्याच हातातल्या दांड्याला सुयांचा गुच्छ लावून टिंबं देतात आणि त्यालाही हेच नाव असतं.

रंग बदलतो तो का

ताज्या भुवईचा फोटो बघून निवड करणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक आहे. त्या क्षणी रंग वरच्या थरातही असतो, त्वचा सुजलेली असते, रेषा धारदार दिसतात. मागायचा तो भरून आलेल्या भुवईचा फोटो, निदान सहा आठवड्यांनंतरचा. एक वर्षानंतरचा मिळाला तर फारच चांगलं. आणि तो तुमच्यासारख्याच त्वचेचा असावा.

भुवई निळसर-करडी होण्याची दोन कारणं असतात. एक म्हणजे खोली. रंग खोल गेला की वरच्या त्वचेतून येणारा प्रकाश विखुरतो आणि तपकिरी रंगही निळसर भासतो. दुसरं म्हणजे काळ्या कार्बनवर आधारलेला रंग, जो फिकट होताना राखेकडे झुकतो. लोह ऑक्साइडच्या रंगांचं उलट होतं. त्यांतली काळी छटा आधी उडते, मागे लालसर किंवा नारिंगी उरते. सावळ्या त्वचेत वरचं मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं स्वतःचं रंगद्रव्य, भरलेल्या रंगावर चष्म्यासारखं बसतं, म्हणून थंड, राखाडी छटेचा पिगमेंट (भरायचा रंग) तिथे लवकर करडा दिसतो. थोडी उबदार छटा मिसळावी लागते. केसांच्या रंगाशी जुळणारी बाटली उचलली की झालं, असं नसतं.

रंगाच्या बाटलीवर नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असायला हवी. युरोपीय संघाने ४ जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या आणि कायमस्वरूपी मेकअपच्या रंगांतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या. त्या नियमांना धरून बनवलेला रंग असेल तर तसं बाटलीवर लिहिलेलं असतं. रंग पातळ करायला नळाचं पाणी वापरताना दिसलं तर तिथून उठा. अशा पाण्यातल्या जंतूंमुळे महिनोन्‌महिने न हटणारे संसर्ग होतात.

कुणी थांबावं

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, केमोथेरपी चालू असलेल्यांनी, साखर आटोक्यात नसलेल्या मधुमेहींनी, भुवईवर पुरळ, इसब किंवा उघडी जखम असलेल्यांनी आत्ता करू नये. व्रण वाढून गाठीसारखा होण्याची, म्हणजे केलॉइडची, प्रवृत्ती असेल तर चिरांपासून दूरच राहा आणि टिंबांआधीही त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. कोड किंवा सोरायसिस असेल तर त्वचेला इजा झालेल्या जागी नवा डाग उठू शकतो. हे पार्लरमध्ये क्वचितच कुणी सांगतं, म्हणून इथे मुद्दाम लिहितो आहोत. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्या बंद होऊन सहा महिने जाऊ द्यावेत, असा रिवाज आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने ती बंद करू नका. भुवईसाठी तेवढा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

रेटिनॉल आणि आम्लांची क्रीम दोन ते चार आठवडे आधी थांबवावीत. पॅच टेस्ट, म्हणजे लहानशा जागी रंग लावून अॅलर्जी तपासणं, किमान २४ ते ४८ तास आधी व्हावी. तिने सगळ्या अॅलर्जी पकडता येत नाहीत, काही प्रतिक्रिया महिन्यांनी उठतात, तरीही ती टाळू नये.

खुर्चीत बसल्यावर

पूर्ण भेट दोन ते तीन तासांची असते आणि त्यातला मोठा भाग आखणीत जायला हवा. नाकपुडीच्या कडेपासून सरळ वर जिथे रेष जाते तिथे भुवईची सुरुवात. नाकपुडीच्या त्याच कडेपासून बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून गेलेली रेष जिथे लागते तिथे कमान. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून गेली तर शेपूट. हे ढोबळ माप आहे, चेहऱ्याप्रमाणे ते हलवावं लागतं. आखणी तुम्ही ताठ बसलेले असताना झाली पाहिजे, कारण आडवं झाल्यावर कपाळ आणि पापण्या सरकतात. आखलेला आकार आरशात बघून हो म्हणाल तेव्हाच सुई लागावी.

सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं गेलं पाहिजे, त्यावर निर्जंतुकीकरणाची खूण आणि मुदत दिसली पाहिजे, आणि काम संपल्यावर सुई धारदार कचऱ्याच्या डब्यात गेली पाहिजे. हिपॅटायटिस बी आणि सी यांचा धोका इथून सुरू होतो.

बधिर करणाऱ्या क्रीममध्ये बहुधा लिडोकेन असतं. ते वीस-तीस मिनिटं लावून ठेवतात. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ४ टक्क्यांपेक्षा जास्त लिडोकेनच्या, अशा सौंदर्योपचारांसाठी विकल्या जाणाऱ्या काही क्रीमविरुद्ध इशारा दिला होता. त्यामुळे क्रीममध्ये किती टक्के आहे ते वाचायला मागा. ओठ बधिर होणं, कानात आवाज, गरगरणं जाणवलं तर लगेच सांगा. क्रीम डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होऊ शकते, म्हणून डोळा मिटलेला ठेवा.

भरून येण्याचे सहा आठवडे

पहिले दोन-तीन दिवस भुवया अंगावर येतील इतक्या गडद दिसतात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पापुद्रे सुटतात. मायक्रोब्लेडिंगमध्ये चिरांवर बारीक खपल्या धरतात, पावडर ब्रोमध्ये कोंड्यासारखं सुटतं. दहाव्या दिवसाच्या आसपास रंग जवळजवळ गायब झाल्यासारखा वाटतो आणि बरेच जण घाबरून फोन करतात. रंग आत असतोच, वर नवी त्वचा अजून दुधी असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो परत वर दिसू लागतो. टच-अप म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांनी करायचा. तो कामाचाच भाग आहे, काम बिघडल्याची खूण नव्हे.

पहिल्या दिवशी झिरपणारी लस स्वच्छ कापसाने दर थोड्या वेळाने टिपून घ्या. ती वाळू दिली की खपली जाड होते आणि जाताना रंग घेऊन जाते. मलम लावायचं ते तांदळाच्या दाण्याएवढं, दोन्ही भुवयांना मिळून. जाड थराखाली त्वचा भिजत राहते. दहा ते चौदा दिवस पोहणं, वाफ, घाम काढणारा व्यायाम नको. खपली नखाने काढली तर तिथे रंगाचं भोक पडतं. तीन दिवसांनंतर लाली आणि दुखणं कमी होण्याऐवजी वाढत असेल, पू किंवा ताप असेल, तर पार्लरला नाही, डॉक्टरांना गाठा.

आकार आवडला नाही तरी पहिल्या आठवड्यात घासून काढायचा प्रयत्न करू नका, त्याने फक्त व्रण उरतो. लेझरचा विचार सहा-आठ आठवड्यांनी, त्वचा पूर्ण भरल्यावर. लेझर करणाऱ्याला पिगमेंटचं नाव सांगणं इथे फार उपयोगी पडतं, कारण टायटॅनियम डायऑक्साइड किंवा लोह ऑक्साइड असलेले रंग लेझरने फिके होण्याऐवजी एकदम काळे पडू शकतात. आधी कोपऱ्यात लहानशी चाचणी करून घ्यावी. तेच नाव आणि बॅच क्रमांक फोनमध्ये नोंदवून ठेवा. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली, तर भुवयांत लोहाचा रंग आहे हे तंत्रज्ञाला आधी सांगावं लागतं. क्वचित तिथे चटका बसल्यासारखं वाटतं किंवा सूज येते.