घरगुती राउटरमधील नॅट व फायरवॉल

घरातल्या सगळ्या उपकरणांचे खासगी आयपी पत्ते (जाळ्यावरचे ओळखक्रमांक) इंटरनेटवर जाताना एकाच सार्वजनिक पत्त्यात बदलून देणारी व्यवस्था म्हणजे नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन, रोजच्या बोलण्यात नॅट. कोल्हापुरात केबलवाला किंवा फायबरवाला भिंतीवर जो डबा, म्हणजे राउटर, ठोकून जातो, त्यात ती आधीपासून चालूच असते. तिच्यामुळे घराला आपोआप फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारी नको ती वाहतूक अडवणारी भिंत, मिळते, ही समजूत सर्वत्र आढळते आणि ती अर्धीच खरी आहे. डब्यातून मिळणारे बहुतेक संरक्षण नॅटच्या शेजारी बसलेल्या पॅकेट गाळणीचे असते. पॅकेट म्हणजे जाळ्यावरून जाणारा माहितीचा छोटा तुकडा; कोणता तुकडा सोडायचा हे गाळणी नियमांनी ठरवते. श्रेय मात्र नॅटला जाते.

उगम : आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर मे १९९४ मध्ये आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजमालिकेतील १६३१ क्रमांकाच्या दस्तऐवजात के. एगेवांग व पी. फ्रान्सिस यांनी नॅटची कल्पना मांडली. हेतू पत्ते वाचवण्याचा होता, तोही तात्पुरता. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारे जे खासगी पत्ते आज घरोघरी दिसतात, ते १९९६ च्या आरएफसी १९१८ ने ठरवून दिले. गोंधळाची सुरुवातही याच काळातली. १९९४ मध्ये पिक्स नावाचे पत्ता-रूपांतराचे यंत्र बाजारात आले, पुढल्याच वर्षी सिस्को कंपनीने ते बनवणारी कंपनी विकत घेतली आणि पिक्स फायरवॉल म्हणून गाजले. तेव्हापासून ही दोन कामे लोकांच्या डोक्यात एकत्र नांदत आहेत.

कार्य : समजा, राजारामपुरीतल्या एका घरात १९२.१६८.१.५ या लॅपटॉपने ५१३४४ या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे एकाच यंत्रातले वेगवेगळे संवाद ओळखणारा क्रमांक) एक संकेतस्थळ उघडले. राउटर पॅकेटवरचा पत्ता पुसून स्वतःचा, उदाहरणार्थ २०३.०.११३.७, घालतो आणि आतला पत्ता, पोर्ट व पलीकडचा सर्व्हर यांची नोंद आपल्या टेबलात करून ठेवतो. उत्तर आले की ही नोंद पाहून ते लॅपटॉपकडे जाते. नोंद नसलेले पॅकेट कोणाला द्यायचे हे राउटरला कळत नाही, म्हणून ते आत पोचत नाही. ही अडवणूक माहितीच्या अभावातून होते. नकाराचा नियम त्यात कुठेच नसतो. दारावर पाटी नाही म्हणजे दाराला कुलूप आहे, असे होत नाही.

फरक उघडा पडतो तो असा. बाहेरच्या बाजूने थेट १९२.१६८.१.५ असा पत्ता घातलेले पॅकेट आले, तर नॅटला त्यात बदलण्यासारखे काही नसते. गाळणीचा नियम नसेल, तर राउटर त्याचे मूळ काम करतो, म्हणजे पॅकेट पुढे पाठवतो. दूरच्या देशातून असे पॅकेट येत नाही, कारण खासगी पत्ते सार्वजनिक इंटरनेटवर वाहून नेले जात नाहीत. पण गावातल्या केबलवाल्याच्या जाळ्यात राउटरच्या ‘बाहेर’ आधी येते ती आपलीच गल्ली. शिवाय अनेक जोडण्यांत राउटरला मिळणारा बाहेरचा पत्ताही १० किंवा १००.६४ ने सुरू होणारा, सामायिकच असतो, कारण खरा सार्वजनिक पत्ता ऑपरेटरकडच्या मोठ्या नॅटवर राहतो. ग्राहकांना एकमेकांपासून वेगळे ठेवायचे की नाही, हे ऑपरेटरच्या मांडणीवर अवलंबून. तेव्हा या ‘दुहेरी नॅट’ने परक्यापासून आडोसा मिळतो, शेजाऱ्यापासून मिळेलच असे नाही.

पळवाटा : गुजरीतल्या सराफी पेढीत कॅमेऱ्याचे चित्रण साठवणारा डीव्हीआर मोबाइलवर दिसावा म्हणून बसवणारा मुलगा पोर्ट फॉरवर्डिंग करून जातो, म्हणजे बाहेरून ठरावीक पोर्टवर येणारे सारे थेट डीव्हीआरकडे पाठवायला राउटरला सांगतो. त्या क्षणापासून डीव्हीआरचे लॉगिन पान जगासमोर उघडे. पासवर्ड कारखान्यातलाच राहिला तर काय होते, ते २०१६ च्या मिराई बॉटनेटने, म्हणजे कब्जात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेने, दाखवले. नेहमीच्या पासवर्डांच्या एका छोट्याशा यादीने लाखो उपकरणे त्याच्या ताब्यात गेली. यूपीएनपी ही उपकरणांना राउटरकडून आपोआप वाट मागू देणारी सोय चालू असेल तर मुलाचीही गरज नाही. घरातले कोणतेही उपकरण राउटरला पोर्ट उघडायला सांगू शकते, आणि राउटर ओळख न विचारता ते उघडतो. यूडीपीच्या, म्हणजे आधी जोडणी न बांधता पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीच्या, बाबतीत काही राउटर याहून सैल असतात. आतून एकदा नोंद झाली की ती टिकून असेपर्यंत त्या पोर्टवर कोणीही पाठवलेले पॅकेट ते आत सोडतात. ऑक्टोबर २०२० मध्ये सॅमी कामकार यांनी प्रसिद्ध केलेल्या नॅट स्लिपस्ट्रीमिंग हल्ल्यात तर केवळ एक वेबपान उघडल्याने राउटरमधला इंटरनेट कॉलसाठीचा मदतनीस फसत असे आणि आतल्या यंत्राकडे वाट करून देत असे.

आतून बाहेर जाणाऱ्या वाहतुकीवर नॅटचा काहीच अंकुश नसतो. ईमेलमधल्या खोट्या बिलातून आलेला मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) स्वतःच बाहेर जोडणी करतो आणि नॅट इमानेइतबारे त्याचीही नोंद करते.

राउटर स्वतःही एक छोटा संगणक आहे, बहुधा लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणारा आणि वर्षानुवर्षे अद्ययावत न होणारा. मे २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या व्हीपीएनफिल्टर या मालवेअरने किमान ५ लाख उपकरणे ग्रासली होती, त्यांत बहुतेक घरगुती व छोट्या कार्यालयांचे राउटर होते. पहारेकरीच फितूर झाल्यावर आत कोणता पत्ता आहे याला अर्थ उरत नाही.

आयपीव्ही६ : या नव्या पत्तापद्धतीत पत्ते मुबलक असल्याने येथे नॅट सहसा नसते, प्रत्येक फोनला, प्रिंटरला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो. आरएफसी ६०९२ ने २०११ मध्ये घरगुती राउटरसाठी सुचवलेली, आतून सुरू झालेल्या संवादाचेच उत्तर आत घेणारी गाळणी हीच येथे खरी भिंत. नॅटने जे अनवधानाने दिले ते ही गाळणी ठरवून देते. काही डब्यांत ती एका खुणेने बंद करता येते, आणि गेम अडकतो म्हणून ती बंद करणारेही भेटतात.

तपासणी : राउटरच्या पानावरील बाहेरचा पत्ता आणि संकेतस्थळावर दिसणारा आपला पत्ता वेगळे असतील, तर वर ऑपरेटरचे नॅट आहे. बाहेरून कोणते पोर्ट उघडे आहेत ते वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून पाहावे. पण वर ऑपरेटरचे नॅट असेल तर या चाचणीत त्याचाच डबा तपासला जातो, आपला नव्हे. आयपीव्ही६ ची चाचणी स्वतंत्रपणे करावी लागते, कारण आयपीव्ही४ चे सगळे पोर्ट बंद दिसले तरी त्यावरून आयपीव्ही६ च्या गाळणीबद्दल काहीच कळत नाही.